भुसावळ-जळगावच्या बारवाल्यांनो, एक तरी पिंप जिवंत बिअरचं ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाठवू का नको असं दोन महिने चाललं होतं, कारण आपल्याकडे दारूबद्दल कोणी बोललं की तो एकतर बेवडा नायतर दारूबंदीवाला, मधलं काही लोकांना पटतच नाही. मी दोन्ही नाही. मी भुसावळचा, आजोबा अन् वडील दोघं रेल्वेत, मी पण सिग्नलच्या कामानिमित्त तीन वर्षं इंग्लंडात डर्बीला राहून आलो. डर्बी म्हणजे त्यांचं भुसावळच समजा, गावाची ओळखच रेल्वे, स्टेशनाजवळ रेल्वेच्या लोकांसाठी बांधलेली घरांची रांग अन् तिच्या कोपऱ्यावर ब्रन्सविक नावाचा पब, तो पण १८४० च्या दशकात रेल्वेवाल्यांसाठीच बांधलेला, अजून चालू आहे. तिथं मी जी बिअर पहिल्यांदा प्यायलो तिच्याबद्दल आपल्या खान्देशातल्या बार अन् परमिट रूमच्या मालकांशी बोलायचंय, म्हणून तुमच्या पेपरात जागा मागतोय.

त्या बिअरला तिथं रिअल एल म्हणतात, किंवा कास्क एल. कास्क म्हणजे पिंप. आपल्याला जी बाटलीतली बिअर माहीत आहे ती गाळलेली असते, पाश्चराइज केलेली असते, म्हणजे तिच्यातलं यीस्ट (बिअर आंबवणारे बारीक जीव) काढलेलं किंवा मेलेलं असतं, फेस येतो तो वरून भरलेल्या गॅसचा. कास्कमधली बिअर गाळत नाहीत, तापवत नाहीत, ती अर्धवट आंबलेली असतानाच पिंपात भरतात अन् पिंप तसंच पबला पाठवून देतात, मग उरलेलं आंबणं पबच्या तळघरात होतं. म्हणजे घरी विरजण लावतो ना, तसंच. पिशवीतलं ताक अन् घरी रात्री लावलेल्या दह्याचं सकाळी घुसळलेलं ताक यात जो फरक आहे तोच फरक या दोन बिअरमधे आहे, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मी रहायचो त्या गल्लीतल्या पबचा मालक साठीतला माणूस, त्याला मी रेल्वेवाला अन् त्यात इंडियाचा म्हणून कौतुक, शनिवारी सकाळी मला खाली तळघरात न्यायचा. पिंप आलं की ते लाकडी घोडीवर आडवं ठेवायचं अन् मग हलवायचं नाही, चोवीस तास तरी नाही, गाळ खाली बसू द्यायचा. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक भोक असतं त्यात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादाचा गॅस हळूहळू निघून जातो, खुंटीवर बारीक बुडबुडे येतात ते बघत बसायचं, बुडबुडे थांबत आले की मऊ खुंटी काढून टणक लाकडाची मारायची म्हणजे उरलेला गॅस आत धरून राहतो. मग पुढच्या तोंडाला लाकडी हातोड्याच्या एका घावात तोटी बसवायची, दोन घाव लागले तर अंघोळच. वर काउंटरवर हापसा असतो, खरंच आपल्या बोअरच्या हापशासारखा, दांडा ओढला की तळघरातून बिअर वर येते, गॅसचं प्रेशर नाही काही नाही. या हापशाचं पेटंट जोसेफ ब्रामा नावाच्या माणसानं १७९७ मधे घेतलेलं, म्हणजे सव्वादोनशे वर्षं तीच गोष्ट चालू आहे. अन् एकदा पिंपाला हवा लागली की तीन दिवसात संपवायची, नंतर ती आंबूस व्हायला लागते. तो मालक तिसऱ्या दिवशी रात्री उरलेली सरळ मोरीत ओतायचा, गिऱ्हाईकाला देत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चव कशी, तर पहिल्या घोटाला मला पण आवडली नाही, खोटं कशाला बोलू. गॅस कमी, अन् आपल्यासारखी दात दुखतील अशी चिल्ड नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला समजायला लागली, भाजलेल्या धान्याचा वास, हॉप्सचा, म्हणजे बिअरमधे घालतात त्या फुलांचा, कडवटपणा, कधी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, अन् तीच बिअर सोमवारी वेगळी लागते अन् बुधवारी वेगळी कारण ती पिंपात बदलत असते. अल्कोहोल किती, तर बिटर नावाच्या तिथल्या रोजच्या पिण्याच्या बिअरमधे साधारण साडेतीन ते साडेचार टक्के. आपल्याकडे बार-परमिट रूममधे बसलं की वेटर विचारतो, "स्ट्राँग ना भो?" अन् विचारायच्या आधीच आणून ठेवतो, ती सहा ते आठ टक्के. तिथं माणसं दोन ग्लासावर तीन तास बसायची, बायका, म्हातारे, कुत्रं पायाशी, गप्पा मारायची अन् चालत घरी जायची.

आता आपल्याकडचं सांगतो. परत आल्यावर पहिल्याच मे महिन्यात मित्रांसोबत हायवेवरच्या एका परमिट रूमला गेलो, नाव नको, बाहेर पत्र्याखाली बिअरचे क्रेट रचलेले, अर्धे उन्हात, पारा ४५ च्या वर. तीच बाटली दोन तास डीप फ्रीझरमधे टाकून आमच्यासमोर आली. हिरव्या बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधल्या घटकाचं रूप बदलतं अन् बिअरला एक कुजका वास येतो, तो वास आला, मी मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणे थंड आहे ना साहेब, मग झालं. त्याचा दोष मी एकट्याचा म्हणत नाही. आपणच बिअरला थंड आहे का अन् चढते का एवढे दोनच प्रश्न विचारत आलो, तर तो बिचारा तिसऱ्याचं उत्तर कशाला तयार ठेवील. अन् हेच आपण भरताच्या बाबतीत चालवून घेतो का? गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत एखाद्या हॉटेलनं वाढलं तर पहिल्या घासाला ओळखतो अन् मालकाला बोलावून विचारतो की काड्यांवर का भाजलं नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो असल्या जिभांमुळेच मिळाला असं माझं मत आहे.

इंग्लंडात पण हे आपोआप टिकलं नाही बरं. १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, गिळल्या अन् सगळीकडे गॅस मारलेली पाश्चराइज बिअर सुरू केली कारण ती सांभाळायला सोपी, तळघरात कोणाला काही समजायची गरज नाही. १९७१ मधे चार मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेले होते, तिथं एका पबमधे बसून त्यांनी ठरवलं की याच्या विरोधात काहीतरी करायचं, त्यातून कॅम्रा नावाची संघटना निघाली. चार जण! आज तिचे लाखाच्या वर सभासद आहेत. त्यांनी काय केलं तर पबमधे जाऊन मागायला सुरुवात केली, कुठल्या पबमधे चांगली मिळते त्याच्या याद्या छापल्या, स्टोन नावाच्या गावातली जुनी ब्रुअरी बंद होणार म्हटल्यावर १९७३ मधे मोर्चा काढला. मालकांना शिव्या घातल्या नाहीत, जो चांगली ठेवतो त्याच्याकडे गर्दी केली, मला ही गोष्ट फार आवडते. तरी अजून झगडा संपलेला नाही, तिथं पण कास्कचा खप कमी होतोय. डर्बीपासून जवळच बर्टन नावाचं गाव आहे, बिअरचं माहेरच, तिथली लाकडी पिंपांची रांग जोडून बिअर आंबवायची जुनी पद्धत मोठ्या कंपनीनं २०२४ मधे बंद केली, पण डर्बीशायरच्याच थॉर्नब्रिज ब्रुअरीनं त्यातला एक संच उचलून नेला अन् परत चालू केला.

अन् हे परकं काहीतरी आणतोय असं कोणी म्हणू नका. हल्ली पुण्या-मुंबईत पोरं आयपीए आयपीए करतात त्यातला आय म्हणजे इंडिया, पूर्ण नाव इंडिया पेल एल, ती बिअर आपल्याकडच्या गोऱ्यांसाठी बनायची. आधी लंडनचा बिअरवाला हॉजसन, मग १८२० च्या दशकापासून बर्टनचे लोक, लाकडी पिंपात भरून आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला उतरवायचे, पिंपात यीस्ट जिवंत, हॉप्स जास्त घातलेले म्हणून टिकायची. म्हणजे पिंपातली जिवंत बिअर या देशात सुएझ कालवा व्हायच्या आधीपासून येत होती, नंतर आपण विसरलो.

मित्रांना सांगितलं तर पहिला प्रश्न एकच, "गरम बिअर कोन पेस भो?" गरम नसते. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश लागतं, उन्हातून आलेल्या माणसाला ते चांगलं गार लागतं. भुसावळच्या मे महिन्यात ११ अंश कुठून आणणार, तर मी म्हणतो रावेर-सावद्याला जाऊन बघा. आपले केळीवाले १३-१४ अंशाला केळी साठवतात, पिकवायच्या चेंबरला १५ ते १८ अंश ठेवतात, लाईट गेली की जनरेटर, सेन्सर, सगळं आहे, अन् हे काम करणारे मिस्त्री आपल्याच जिल्ह्यात आहेत. एका पिंपाला लागणारी खोली म्हणजे त्या चेंबरचा एक कोपरा. पफ पॅनलची आठ बाय आठची खोली अन् एक कूलिंग युनिट, एवढंच. ज्या जिल्ह्यानं केळीसाठी हे केलं त्याला बिअरसाठी जड नाही.

मग बिअर आणायची कुठून. हिला प्रवास मानवत नाही, म्हणून मला वाटतं मायक्रोब्रुअरीनंच हे करावं, जिथं बनते तिथंच वाढायची. पुण्यात डूलालीनं २००९ मधे मायक्रोब्रुअरी सुरू केली, त्यानंतर महाराष्ट्रात किती तरी झाल्या. जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगाव भागात जो कोणी लायसन्सच्या विचारात असेल त्याला माझी हात जोडून विनंती आहे की सगळे नळ गॅसचे लावू नका, एक हापसा ठेवा. मोठं पिंप नको, तिथं पिन नावाचं छोटं पिंप मिळतं, साडेचार गॅलन, म्हणजे साधारण २० लिटर, तिथले ३६ मोठे ग्लास. शुक्रवारी संध्याकाळी तोटी मारली की शनिवारी रात्री संपलं, नासायचा प्रश्नच नाही. सोबत चखण्याला भरीत-कळण्याची भाकरी ठेवा, फ्रेंच फ्राईज नको. अन् माल्टमधे थोडी आपली दादर ज्वारी घालून बघा, आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यानपिढ्या बनते, तर तापीकाठच्या दादरीनं काय पाप केलंय.

एक गोष्ट शाकाहारी लोकांसाठी सांगून ठेवतो कारण आपल्याकडे माळकरी अन् जैन घरं भरपूर. बिअर निवळायला पारंपरिक पद्धतीत माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. तो न घालता पण चालतं, बिअर जरा गढूळ दिसते, चवीला काही होत नाही. मालकानं बोर्डावर स्पष्ट लिहावं.

आता माझ्या मावशीचं. तिच्या गावात दारूनं दोन घरं बसलेली तिनं पाहिली, आडवी बाटलीच्या मतदानाला ती पहाटेपासून रांगेत उभी होती. तिला मी हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझी ती चार टक्क्याची असो का चाळीसची, पिणारा पितोच. मी तिच्याशी वाद घातला नाही, तिनं जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही, अन् ज्या गावानं बाटली आडवी केली तिथं कोणी माझं पत्र दाखवून बार मागू नये. माझं बोलणं शहरातल्या, हायवेवरच्या, आधीच चालू असलेल्या धंद्यांशी आहे, जिथं आज सहा वाजता शटर अर्धं खाली ओढून अंधारात स्ट्राँगवर स्ट्राँग रिचवली जाते अन् मग पोरं बाईक काढतात. तिथं उजेडात बसून हळू प्यायची, कमी चढणारी, चवीची एक गोष्ट मिळाली तर निदान त्या दहातले दोन जण तरी तिकडे वळतील असं मला मनापासून वाटतं. २१ च्या आतल्या पोराला अजिबात नाही, अन् गाडी चालवून जाणाऱ्याला पण नाही.

वाचकांपैकी जे पितात त्यांनी एवढंच करा, पुढच्या वेळेला बसलात की मालकाला विचारा, ताजी बिअर ठेवता का, बाटली कुठे ठेवता, उन्हात का सावलीत. चार टेबलांनी विचारलं तर पाचव्या दिवशी तो क्रेट आत घेईल.

डर्बीच्या त्या मालकानं मला पिंप कसं धुवायचं, पाइप आठवड्याला कसे साफ करायचे, खुंटी कधी बदलायची हे सगळं शिकवलं, मी एका वहीत मराठीत लिहून ठेवलंय. खान्देशातल्या ज्या कोणाला हे करायचं असेल त्यानं तुमच्या पेपरमार्फत निरोप द्यावा, वही झेरॉक्स करून देईन, पैसे नको. अन् पहिल्या पिंपाला तोटी मारायला बोलवलं तर शनिवारी माझी सुट्टी असते, हातोडा माझ्याकडे आहे.

आपला,
एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ