बाबा, गाणी लावत जा

ठाणे, रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण आपलं फोनवरचं बोलणं हल्ली कसं चालतं बघा. मी विचारते, "बाबा, सध्या कुठली गाणी ऐकताय?" बाबा म्हणतात, "जेवलो की मघाशीच." मग आई फोन ओढून घेते आणि माझं म्हणणं त्यांच्या कानाशी ओरडून सांगते. त्यात निम्मं माझं असतं, निम्मं तिचं. कागदावरचं तरी जसंच्या तसं पोचेल.

वहिनीकडून कळलं की बाबांनी गाणी लावणंच सोडलंय. टेप केव्हाच गेला, ते एक झालं. पण दादाने आणून दिलेला छोटा स्पीकरसुद्धा कपाटावर चढलाय म्हणे. कानाचं मशीन घातलं की गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं आणि काढलं की शब्दच कळत नाहीत, असं बाबा म्हणाले. यावर मला बरंच बोलायचंय. पण आधी मी काय ऐकते ते सांगते, कारण तिथूनच मला काही सुचलंय.

आमच्या घरात सध्या राज्य आहे ते संजू राठोडचं. जळगाव जिल्ह्यातला पोरगा. त्याची 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आली आणि तुमच्या नातीच्या अंगात शिरली. मागोमाग 'शेकी' आलं. मला आधी वैताग यायचा, आता ओट्याशी उभी असताना माझाही पाय हलतो. आणि 'गुलाबी साडी' लागली की मला हमखास आपल्या मेन रोडवरचं ते कापडाचं दुकान दिसतं. दिवाळीचा बोनस झाला होता. आईने ढिगातून एक गुलाबी साडी काढून खांद्यावर टाकली आणि तुम्हाला विचारलं, "कशी दिसते?" बाबा, तुम्ही आईकडे बघितलंच नाहीत. साडी हातात घेतलीत, उलटी केलीत, पदराजवळ अंगठा फिरवलात आणि दुकानदाराला म्हणालात, "इथं धागा तुटलाय, बघा." तो आधी नाही म्हणाला, मग उजेडात धरून बघितलं आणि मुकाट्याने भाव कमी केला. आई संतापली होती. "अहो, रंग कसा आहे ते सांगा की!" तुम्ही म्हणालात, "रंग होय? बरा आहे की." आयुष्यभर मागावर कापड विणलेल्या माणसाला बायकोची साडी दाखवली की असं होतं. साडी अजून आहे ना गं आई? नातीला हवी आहे, नाचायला.

तर मागच्या वेळी तुम्ही इथे आला होतात तेव्हाची गोष्ट. नात हॉलमध्ये नाचत होती, आई "कमी कर की तो आवाज" म्हणून ओरडत होती आणि बाबा खुर्चीवर बसून बोटांनी ठेका धरत होते. बिनचूक. त्याच दिवशी सकाळी मी किशोरीताईंचं 'जाईन विचारित रानफुला' लावलं होतं, तेव्हा मात्र थोडा वेळ ऐकून तुम्ही उठून गॅलरीत गेलात. मला वाटलं, बाबांची आवड बदलली की काय! तसं नव्हतं. तुमच्या कानाच्या तपासणीचा जो आलेख आहे, तो मी नंतर इथल्या ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासणाऱ्या बाईंना दाखवला. डावीकडे, म्हणजे खालच्या पट्टीत, रेघ ठीक चालली आहे. उजवीकडे जाताना ती ४००० हर्ट्झच्या आसपास धाडकन खाली येते. आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख असाच असतो, त्या बाई बघताक्षणी म्हणाल्या, "मागावर होते का?"

ढोलाचा, बेसचा ठोका खालच्या पट्टीत असतो. तो तुम्हाला धड ऐकू येतो. स, श, त, फ ही अक्षरं वरच्या पट्टीत फुटतात, ती गळतात. म्हणून गाण्याची चाल येते आणि शब्द येत नाहीत. म्हणजे थट्टा बघा, जी गाणी तुम्हाला ढणढण वाटतात तीच आता तुमच्या कानाला सगळ्यात जास्त कळतात.

मागाच्या खात्यात मी लहानपणी तुमचा डबा घेऊन यायची. दारातच कान बंद व्हायचे. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला तो ठोका. असे किती माग एका पत्र्याखाली! तिथला आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो, आणि कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना ९०. तुमची पाळी बारा तासांची. कानात काय, तर सुताच्या वेस्टचा बोळा. तिथे कुणी बोलत नसे, ओठ हलवायचे आणि हात. तुम्ही समोर बसलेल्या माणसाचं बोलणं आजही बरोबर पकडता आणि फोनवर अडता, ते त्यामुळेच. ओठ वाचायची विद्या तुम्हाला तिथेच मिळाली. आई उगीच म्हणते की तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं. (अर्थात थोडं तसंही आहे.)

आणि तरी तुम्ही घरी आलात की पहिल्यांदा टेप लावायचात. मला आता याचं नवल वाटतं. दिवसभर कानावर घण बसलेल्या माणसाला शांतता हवी असते. तुम्हाला भीमसेन हवे असायचे.

ती कॅसेट आठवते? दुकानात यादी देऊन भरून आणलेली, साठ मिनिटांची. ए बाजूला शेवटचं गाणं 'इंद्रायणी काठी', आणि ते पुरं मावलंच नव्हतं. भीमसेनजी ऐन रंगात आले की टेप खट् करून थांबायचा. मी ते गाणं आता फोनवर ऐकते, तिथे ते अखंड आहे, पण त्या जागेपाशी आले की माझा जीव थोडा वर होतो. अजूनही. पुढच्या ओळी मला कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या, आणि त्या परक्याच वाटल्या. तुम्ही ते गाणं तुकोबांचं म्हणायचात. अख्खा महाराष्ट्र म्हणतो म्हणा. लिहिलंय गदिमांनी, चाल पु. लं.ची, १९५३ चा 'गुळाचा गणपती'. सिनेमातलं गाणं आहे हे सांगितल्यावर तुम्ही दोन मिनिटं गप्प बसलात आणि म्हणालात, "असंना का. विठ्ठलाला काय त्याचं." मी अजून ते ऑफिसात सांगते.

'दिस जातील, दिस येतील'चं मात्र वेगळं आहे. सुधीर मोघ्यांचं गाणं, आशाबाई आणि सुरेश वाडकर. ते मला कधीही कॅसेटवरचं आठवत नाही, ते भारनियमनातलं आठवतं. २००५ नंतरची ती वर्षं. लाईट गेली की आधी आमच्या गल्लीतले माग थांबायचे, मग पलीकडच्या, आणि बघता बघता सगळी इचलकरंजी मुकी व्हायची. शहर असं गप्प झालं की लांबच्या देवळातली घंटासुद्धा ऐकू यायची. मग बाबा ट्रान्झिस्टर घेऊन पायरीवर बसायचे आणि सांगली आकाशवाणी लावायचे. आई अंधारातच शेंगा निवडत बसायची, आणि हे गाणं लागलं की आशाबाईंच्या मागोमाग एक कडवं म्हणायची. चाल थोडी सोडून, पण म्हणायची. गल्लीतली बाकीची माणसंही बाहेर येऊन बसलेली असत आणि कुणी बोलत नसे. गाणं पुरतं ऐकू यायचं ते लाईट गेल्यावर! आम्हा पोरांना मजा वाटायची. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर होती, माग थांबला की पैसा थांबला, हा हिशेब तुम्ही दोघांनी त्या पायरीवर कधी काढला नाहीत. मला हे गाणं लोकलमध्ये लागलं की मी स्टेशन येईपर्यंत कुणाशी बोलत नाही.

लोकलवरून आठवलं. माझं ऑफिस परळला जिथे आहे तिथे पूर्वी गिरणी होती. धुराडं तेवढं ठेवलंय, बाकी सगळी काच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. कापड विणायचं काम भिवंडी-मालेगावला आणि आपल्याकडे सरकलं ते काय उगीच नाही. संध्याकाळी त्या धुराड्याखालून स्टेशनकडे येताना मी बऱ्याचदा 'सांज ये गोकुळी' लावते. १९९४ च्या 'वजीर'मधलं, पुन्हा सुधीर मोघेच, आणि चाल श्रीधर फडक्यांची. तुमच्या रात्रपाळीच्या आठवड्यात हे गाणं टेपवर असायचं आणि तुम्ही सायकलच्या कॅरिअरला डबा बांधत असायचात. सगळे घरी परत येण्याची वेळ आणि आमचे बाबा निघाले, याचा मला राग यायचा. गाणं संपायच्या आत तुम्ही कोपऱ्यावरून वळलेले असायचात.

'दाटून कंठ येतो' मी यादीतून काढून टाकलंय. लग्नात बँडवाल्याने ते इतकं बेसूर वाजवलं की रडायच्या ऐवजी दादा आणि मी हसत सुटलो, आणि आता वसंतरावांचा खरा आवाज ऐकला तरी तो क्लॅरिनेट मध्ये येतो. 'बहरला हा मधुमास' मात्र मला मनापासून आवडतं. 'महाराष्ट्र शाहीर'मधलं, २०२३ चं. त्याच वर्षी शाहीर साबळ्यांच्या आवाजाने घरोघरी पोचलेलं 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. मधुमास तुम्ही ऐकलं नसेल. ऐका, अजय-अतुल आहेत, ठेका छान आहे, तुम्हाला कळेल.

आता मुद्द्याचं. बाबा, दोष तुमचा नाही आणि गाण्याचाही नाही. ज्यांनी मशीन दिलं त्यांनी ते बोलण्यासाठी लावून दिलं आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण दाखवून मोकळे झाले. हे मशीन एकसारखा चालू राहणारा आवाज ऐकलं की त्याला गोंगाट समजतं आणि दाबतं. पंख्यासाठी, गाड्यांसाठी ते बरंच आहे. पण तानपुराही एकसारखाच चालतो, त्यालाही ते दाबतं. बासरीचा किंवा गाणाऱ्याचा लांबलेला सूर आला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ती मोडायला जातं. म्हणून सूर थरथरतो. मोठा आवाज दाबून आणि बारीक आवाज उचलून सगळं एका पातळीला आणतं ते वेगळंच. भीमसेनांना एका पातळीला आणल्यावर उरलं काय!

यावर उपाय आहे. तुमच्यासारख्या डिजिटल मशीनमध्ये बहुतेक गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम घालता येतो. त्यात ही दाबादाबी बंद करतात किंवा अगदी कमी ठेवतात. बोलायचं असेल तेव्हा पहिला, गाणं ऐकायचं असेल तेव्हा दुसरा, बटण दाबून बदलायचा. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आणि मीही तुम्हाला स्पष्ट सांगते. पण पत्र्याचा डबा जाईल. आणि त्या आणखी एक म्हणाल्या, नवीन गाण्यापेक्षा पाठ असलेलं गाणं जास्त कळतं, कारण कानातून सुटलेला शब्द डोकं भरून काढतं. तुम्हाला तर शेकड्याने पाठ आहेत. मग स्पीकर कपाटावर कशाला?

श्रावणात मी येतेय, तेव्हा कोल्हापूरला जाऊन हे करून घेऊ. वेळ मी घेते. तिथे ते एखादं भलतंच गाणं लावून "कसं वाटतं?" विचारतील, तर तुम्ही "बरं आहे" म्हणून उठू नका. आपली गाणी मी फोनमध्ये घेऊन येईन. 'इंद्रायणी काठी' लावून घ्यायचं, तानपुरा ऐकू आला पाहिजे, नाही आला तर पुन्हा बसायचं. साडीतला तुटलेला धागा शोधलात तसंच बसा.

तोवर मशीन काढून, स्पीकर जवळ घेऊन, आवाज बेताचा ठेवून रोज एक तरी लावा. आई, तू शेजारी बसून शब्द म्हण. चाल सुटली तरी चालेल, ओठ दिसले पाहिजेत.

दादा-वहिनीला सांगा, गणपतीचं नंतर बोलू.

तुमची
ताई

ता. क. आई, मशीनचा सेल बदलताना मागचं चिकटपट्टीचं कागद काढलं की लगेच आत घालू नकोस. त्याला हवा लागावी लागते, मिनिटभर तसाच बाहेर ठेव आणि मग घाल. आणि ते कागद आधीच सगळ्यांचे काढून ठेवू नकोस, कागद निघाला की सेल उतरायला लागतो. बाबांचे ब्राऊन रंगाचे आहेत, ३१२ नंबर. येताना दोन पाकिटं आणते.