एसटीच्या शालेय फेरीसाठी पालक व ग्रामस्थांना आवाहन

पालकहो, गावकरीहो,

गेल्या वर्षी आगाराला दिलेली मुलांची यादी परवा काढून पाहिली. ‘थांबा’ या रकान्यात पानभर एकच शब्द : फाटा. आपल्या रस्त्याला फाटे तीन. यातला कुठला, हे आगारात बसलेल्या माणसाने ओळखायचं कसं? गाडी मोठ्या रस्त्याने सरळ जात राहिली आणि तांड्यावरच्या मुली हिवाळाभर अंधारात ओढा ओलांडून घरी पोचल्या. आगाराला बोल लावणं सोपं आहे, पण यादी आपलीच होती.

२०२४ पासून एसटीचे पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू झाली. त्यासाठी नावं शाळेने कळवायची असतात. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना प्रवास मोफत. मुलांना त्या योजनेत नाही, पण पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. पण गाडीच लांब थांबत असेल तर पास दप्तरात ठेवून काय करायचं? फेरीची वेळ किंवा थांबा बदलून मागायचा, तर कुठून किती मुलं चढणार हे कागदावर दाखवावं लागतं.

म्हणून शाळा सुरू होण्याआधी येत्या दोन रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर या आणि नाव नोंदवा. वस्तीचं नाव, जवळचा थांबा, तिथवर पायी लागणारा वेळ आणि पावसाळ्यात वाट बंद होते का, एवढं सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दोन ठिकाणं सांगावीत. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कारखान्याकडे निघतो, पोरं आजीकडे किंवा मावशीकडे राहतात, थांबा बदलतो. यादीत मात्र जुनाच राहतो. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना पोरं कुठे ठेवायची हेही बहुधा ठरलेलं असतं. तेवढं आम्हाला कळू द्या.

मोटारसायकल असलेल्या पोरांनी दोन दिवस द्यावेत, सगळ्या वस्त्या फिरून अंतरं मोजायची आहेत. संगणकावर यादी करणारं कुणीतरी हवं. तांड्याच्या फाट्यावर शेड घालायची आहे. जुने पत्रे, अँगल, सिमेंट, जे असेल ते चालेल. मुलांच्या पासाचे पैसे ज्या घरांना जड जातात, त्यांच्यासाठी रोख मदत शाळेच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती घ्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, आमच्याही.

आणि गावातल्या निवृत्त चालक-वाहकांनी जरूर यावं. कुठल्या वळणावर गाडी वळते आणि कुठे चिखलात रुतते, हे आमच्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

— शाळा व्यवस्थापन समिती व शालेय परिवहन समिती