वॉक "खास ग्रुपसाठी", मग सगळ्यांना एकच रूट कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली रविवारी सकाळी पुण्याच्या कसबा पेठेत हेरिटेज वॉकवाल्यांची बरीच वर्दळ असते, कधी आयटी कंपनीचा ग्रुप, कधी बँकेतले रिटायर्ड लोक, कधी शाळेची पोरं. चांगलंच आहे, लोक आपलं गाव बघायला येतायत तर कोण नको म्हणेल. पण जाहिरातीत "तुमच्या संस्थेसाठी खास डिझाइन केलेला वॉक" आणि प्रत्यक्षात सगळ्यांना तोच शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि शेवटी मिसळ. खास काय, तर टीशर्टवर कंपनीचा लोगो!

विषयांना काय तोटा आहे का पुण्यात? इंजिनिअर मंडळींना कात्रजच्या पाण्याची लाइन समजावून सांगा ना, नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५० च्या आसपास कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून बांधीव नळ आणला, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पाणी शहरातल्या हौदांत, मधेमधे हवा खेळायला उच्छ्वास बांधलेले. महिला बचत गट असेल तर भिडे वाडा ते फुले वाडा. १८४८ ला मुलींची शाळा भरली तो भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारक होणार म्हणून, तरी जागा तर दाखवता येते, आणि पुढे गंज पेठेत जोतिरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद आहे. शाळेच्या पोरांना सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला न्या, दर्शनी भिंतीवर गोऱ्या शिपायांनी साखळीने बांधलेला गेंडा कोरलाय, पोरं तिथून हलणार नाहीत बघा. ज्येष्ठांचा ग्रुप असेल तर अंतर कमी ठेवा, बसायला जागा आणि टॉयलेट कुठे आहे ते आधी जाऊन बघून या, एवढं तरी.

आता आमच्या तांबट आळीबद्दल, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीबद्दल. सकाळी सातला ग्रुप आणतात आणि बंद दारांचे फोटो काढून जातात. अहो, ठोक्यांचा आवाज सुरू झाल्यावर या की! तांब्याचं भांडं खुंटावर चढवून कारागीर एका हाताने फिरवत राहतो, दुसऱ्या हाताने हातोडी, एका ठोक्याला लागून दुसरा, त्या मठारकामातच सगळी नजाकत आहे. पण ते बघायला चाळीस-पन्नास माणसं दारात उभी राहिली तर त्याला उजेड कुठून येणार, आणि हातातलं काम थांबवून तो माहिती सांगत बसतो त्या वेळेचे पैसे कोण देतं? वॉकची फी ग्रुपकडून चांगली घेतली जाते, त्यात कारागिराचा वाटा आधीच धरायला पाहिजे. कोणी भांडं विकत घेतं म्हणे, घेतात पण सगळे थोडीच घेतात.

कंपन्यांच्या एचआरवाल्यांनी आणि शाळांनीसुद्धा बुकिंग करताना विचारावं, की आमच्यासाठी वेगळं नक्की काय करताय, मोठा ग्रुप असेल तर दोन तुकड्या करणार का. आणि हो, तो गळ्यातला माईक-स्पीकर तेवढा नको. आळी एवढीशी आहे, वीस माणसांना साध्या आवाजातही ऐकू जातं, आणि रविवारी सकाळी आम्ही झोपलेलो असतो.

एक कसबा पेठकर, पुणे