तापल्यावर बंद पडणारी गाडी थंड झाल्यावर तपासू नये

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाचा प्रश्न आला होता. त्यांची जुनी पेट्रोल गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे व्यवस्थित चालते, इंजिन तापले की बंद पडते आणि अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. उत्तरात त्यांना प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज पुरवणारा भाग) आणि पेट्रोल फिल्टर 'बदलून पाहा' असे सांगण्यात आले. या तिन्हींपैकी कशातही दोष असू शकतो, हे मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती 'बदलून पाहा' या दोन शब्दांना, कारण त्यांच्यापायी मी स्वतः सात महिने आणि बराच पैसा घालवला आहे.

माझी गाडी सुरुवातीच्या काळातील इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी आहे आणि तिला नेमका हाच आजार होता. प्रत्येक वेळी मी ती ओढून किंवा थंड झाल्यावर चालवत गॅरेजला नेई, मेकॅनिक बॉनेट उघडी आणि तोपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असे. त्याने प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली, टाकीतला पेट्रोल पंपही बदलला; स्कॅनर लावला तर त्यात बिघाडाचा एकही कोड नव्हता. त्याला मी दोष देत नाही, कारण ज्या वेळी रोग हजर होता त्या वेळी तो कधीच गाडीजवळ नव्हता. अखेर सातव्या महिन्यात एका उतारावर गाडी गिअरमध्ये असतानाच बंद पडली. चाके फिरत होती, म्हणजे इंजिनही फिरत होते, आणि तरीही आरपीएमचा काटा एकदम शून्यावर येऊन पडला. ज्या गाड्यांत या काट्याला क्रँक सेन्सरकडून (इंजिन फिरते आहे का आणि किती वेगाने, हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या माहितीवरच हलावे लागते, त्यांच्यात फिरत्या इंजिनाचा काटा शून्यावर पडणे म्हणजे कॉम्प्युटरला इंजिन फिरत असल्याचे कळणेच थांबले आहे, असा त्याचा अर्थ होतो. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. त्याच्या दृष्टीने कोणीतरी गाडी बंद केलेली असते, त्यामुळे कित्येकदा कोडही नोंदवला जात नाही. या सेन्सरचा विद्युतरोध तिथेच, गरम असताना, मल्टिमीटरवर मोजला तेव्हा सर्किट तुटलेले दिसले. घरी येऊन थंड झाल्यावर मोजला तर सुमारे ९०० ओम, म्हणजे अगदी ठीक.

या सेन्सरमध्ये काय किंवा इग्निशन कॉइलमध्ये काय, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर्षानुवर्षे तापून-निवून तार कुठेतरी तडकते, किंवा तिच्यावरचा लेप झिजून वेढे एकमेकांना भिडतात. थंड असताना तडकलेली टोके एकमेकांना टेकलेली असतात. धातू प्रसरण पावला की ती सुटतात. पेट्रोल पंपाच्या रिलेमधील (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमधील) जुन्या सोल्डरचेही असेच होते. म्हणून थंड गाडीवर केलेली तपासणी 'सगळे ठीक आहे' असे सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिला प्रश्नच चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

त्या वाचकाला काहीही विकत घ्यायला सांगण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. पहिली, गाडी बंद पडते कशी? चावी फिरवल्यासारखी तत्क्षणी, की आधी गचके खात, दम सोडत? तत्क्षणी पडत असेल तर बहुधा करंट तुटतो. गचके खाऊन पडत असेल तर बहुधा पेट्रोल कमी पडते. दुसरी, ती चालता चालता पडते, की केवळ सिग्नलला पाय काढल्यावर? केवळ आयडलिंगला पडत असेल, तर कॉइलपेक्षा आधी हवेची गळती किंवा कचरा साचलेला आयडल व्हॉल्व्ह (पाय काढलेला असताना इंजिनाला हवा पुरवणारी झडप) पाहावा. थंड इंजिनाला मुद्दामच जास्त पेट्रोल दिले जाते, त्यामुळे हवेची गळकी नळी पहिली दहा मिनिटे झाकून जाते. इंजिन तापून मिश्रणातले पेट्रोल कमी झाले की ती उघडी पडते. उलट, धूर काळा आणि प्लगवर काजळी असेल, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून हवा अडवणारी झडप) आणि इंजेक्शनच्या गाडीत 'इंजिन अजून थंडच आहे' असे सांगत राहणारा कूलंटचा सेन्सर, हे पहिले संशयित.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'तापल्यावर' बंद पडणारी प्रत्येक गाडी उष्णतेमुळेच बंद पडते असे नाही. कधी कधी कारण केवळ गेलेला वेळ असते. टाकीची हवा येण्याची वाट बुजली असेल, तर पेट्रोल ओढले जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि शेवटी पंपाला ओढवत नाही. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडल्यावर हवा आत शिरल्याचा जोरात आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर बॉनेट उघडण्याचीही गरज नाही.

गाडी बंद पडली की ती सुरक्षित कडेला घ्यावी. चालत्या गाडीचे इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट धरावा. मग लगेच, निवण्याआधी, स्पार्क टेस्टर लावून ठिणगी येते का ते पाहावे. वायर हातात धरून ही परीक्षा करू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबातच करू नये. ठिणगी असेल तर चावी चालू करून टाकीतला पंप गुणगुणतो का ते ऐकावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावर बसवलेल्या पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकत होती असे धरायला हरकत नाही. गरम सायलेन्सरवर किंवा इंजिनाच्या ब्लॉकवर मात्र पाणी ओतू नये. तडा गेला तर सेन्सरपेक्षा फार मोठा खर्च उभा राहतो.

त्या वाचकांनी कॉइल अजून घेतली नसेल, तर वरील दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून मागवून आपल्या तज्ज्ञांनी पुन्हा सल्ला द्यावा, ही विनंती. आणि घेतली असेल, तर जुनी कॉइल त्यांनी टाकून देऊ नये. तिच्यात काही दोष नसण्याची शक्यता बरीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक