वीस डबे आणि एक सर्व्हर

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

तू आमच्या शाळेसाठी पुण्याहून पाठवलेले वीसच्या वीस डबे, म्हणजे ते जुने संगणक, चालू झाले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला कुणीतरी सारखं हाका मारत असतं आणि मला हे सावकाश सांगायचंय. म्हणून पत्र.

२०१९ चा ऑगस्ट तू विसरला नसशील. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली आणि शाळेच्या तळमजल्यावर शिरली. पाणी उतरल्यावर मी संगणक लॅबचं कुलूप काढलं, तर सीपीयू आडवे पडलेले आणि आत सगळा गाळ. यंत्रांचं मला तितकंसं वाटलं नाही रे. दहावीच्या चार पोरींनी नदीच्या पाण्यावर प्रकल्प केला होता, तो तेरा नंबरच्या मशीनमध्ये होता आणि दुसरीकडं कुठंच नव्हता. "सर, आमचं परत मिळंल का?" असं त्यांनी विचारलं आणि मला नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून एकच डोक्यात होतं, पोराचं काम एका यंत्रात अडकून पडता कामा नये.

तुझ्या डब्यांत आता हार्डडिस्कच नाही, मी काढून ठेवल्या. सिस्टीम आणि पोरांचं काम, सगळं एका सर्व्हरवर. तो पहिल्या मजल्यावर, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी रॅकवर. रॅक उद्यमनगरातल्या एका माजी विद्यार्थ्यानं करून दिला, मजुरी घेतली नाही. सर्व्हरवर लिनक्स आणि एलटीएसपी, म्हणजे एका सर्व्हरवरून सगळे संगणक चालू करायचं सॉफ्टवेअर. १९९९ पासूनचा हा प्रकल्प, २०१९ मध्ये नव्यानं लिहून काढला. फुकट आहे आणि मुख्य म्हणजे समजतो. डब्याच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होताना आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, नेटवर्क बूट (डिस्कऐवजी नेटवर्कवरून चालू होणं) पहिल्या नंबरला लावायचं. बटण दाबलं की डबा नेटवर्कवर विचारतो, मला पत्ता कोण देतंय? पत्ता राउटर देतो आणि कुठली फाईल उचलायची ते सर्व्हर सांगतो. तिथून अख्खी सिस्टीम तारेतून येते. प्रोसेसर आणि रॅम डब्याचीच वापरली जाते, त्यामुळं तू चार जीबीचे डबे निवडलेस ते फार बरं केलंस. आधी मी दोन जीबीच्या जुन्या पीसीवर करून बघितलं होतं. ब्राउझरचे तीन टॅब उघडले की पोरं हात वर करायची.

आता खरी गोष्ट ऐक. पहिल्या दिवशी वीसही डबे एकदम चालू केले आणि पडदे काळे. पाच मिनिटं झाली, सात झाली. सातवीचा वर्ग दारात उभा. एकेक डबा लावला की झटकन यायचा, सगळे मिळून लावले की अडकायचे. मला वाटलं, डबेच जुने. रात्री घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरवर इथटूल, म्हणजे नेटवर्क जोडणीचा वेग दाखवणारी आज्ञा, चालवलं आणि समोर आलं, वेग १००. अरे, सर्व्हरचं कार्ड गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटचं, सगळ्या केबली जोडणारा स्विचही गिगाबिट, मग शंभर कुठून आले? शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. वीस जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम सहाशे किलोबाइट. सिस्टीम येणार कशी?

दोष सर्व्हर आणि स्विचमधल्या केबलीत होता, आणि तिचा प्लग मीच दाबून बसवलेला. आरजे-४५ चा प्लग उजेडात धरून बघितला. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, सगळ्या तारा टोकाला टेकलेल्या. आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर मागं राहिलेली. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून तक्रार न करता जोडणी शंभरावर येऊन बसली होती. प्लग कापला, तारा सरळ करून एका रेषेत छाटल्या, परत दाबला. इथटूलनं १००० दाखवलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटाच होतो. खाली जाऊन शिपाईमामांना चहा पाजला.

त्यानंतरच्या चुका किरकोळ. मराठी फॉन्ट सर्व्हरवर टाकले तरी डब्यांवर दिसेनात, कारण इमेज, म्हणजे डब्यांना जाणारी सिस्टीमची प्रत, पुन्हा बनवायची राहिली होती. पाचवीच्या पोरांची खाती उघडली तरी लॉगिन होईना, तिथं इनिटआरडी, म्हणजे डबा चालू होताना सुरुवातीला उचलतो ती फाईल, पुन्हा बनवावी लागते. दोन्ही आज्ञा कागदावर लिहून रॅकला चिकटवल्यात. मी रजेवर असलो तरी बाईंचं काम अडणार नाही.

परवा सहावीतल्या एका पोरीनं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर 'ज्योतिबा' लिहिलं. उजव्या हातानं व्यंजनं, डाव्या हातानं स्वर, एकेक कळ शोधत. ज, हलन्त, य, ओकार. मग त दाबला, इकार दाबला आणि ती थबकली. "सर, वेलांटी मी नंतर दिली, ती आधी कशी गेली?" मी म्हटलं, आपण बोलतो तसं लिहायचं, आधी त, मग इ. कुठं दाखवायचं ते संगणक बघतो. तिनं तोंडातल्या तोंडात 'ति' म्हणून बघितलं, मान हलवली आणि ब दाबला. तास संपला. दुसऱ्या दिवशी तिला खिडकीजवळची जागा मिळाली नाही, ती मागच्या रांगेत बसली, लॉगिन केलं, आणि तिचं पान तिथं उघडलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तेरा नंबरचं मशीन आलं.

आता सगळा भार एका सर्व्हरवर आहे, हे मला कळतं. तो बसला की अख्खी लॅब बसली. त्यात एकसारख्या दोन डिस्क लावल्यात, दोन्हींवर तेच लिहिलं जातं. पण चुकून पुसलं तर दोन्हींवरून पुसलं जाईल, म्हणून दर शनिवारी तिसऱ्या डिस्कवर प्रत काढून मी घरी आणतो. लाइट गेली तर सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर राहतात, डबे बंद पडतात. तेवढं चालतं, कारण पोरांना मी दर थोड्या वेळानं सेव्ह करायची सवय लावतोय.

दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस शाळेसाठी ठेव. मिसळ माझ्याकडून. आणि येताना डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएला जाणारे चार कन्व्हर्टर घेऊन ये. आमचे चार मॉनिटर जुने आहेत, त्यांना लावलेले मी उसने आणलेत आणि ते परत करायचेत. आईंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा शेजारी