सिकलसेलचा खुबा आणि सर्जनचा हात

महोदय,

माझ्या पुतण्याला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. वय सत्तावीस, आणि खुबा आताच निकामी. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरतो. विदर्भात ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की अशा रुग्णाचा खुबा बदलणे म्हाताऱ्या माणसाचा खुबा बदलण्यासारखे सोपे नाही. आतली पोकळी अरुंद, हाड कुठे कडक तर कुठे ठिसूळ, जंतुसंसर्गाची भीती जास्त, त्यात भूल देतानाही शरीर थंड वा कोरडे पडू द्यायचे नाही. एका दवाखान्यात डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "अशा केसेस मी फारशा केल्या नाहीत." राग आला नाही. पण ते शिकणार कुठे?

नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये, आता मिहानमधले एम्स; रुग्णांची तर इथे वाण नाही. मग या शस्त्रक्रियांची नोंद ठेवून वर्षानुवर्षे पाठपुरावा का होऊ नये? उदाहरणार्थ, हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, हे 1995 साली अमेरिका आणि कॅनडातल्या प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीतून कळले. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन (बाळ पोटात असतानाचे, पेशी वाकडी होण्यापासून वाचवणारे) बहुधा जास्त असते, म्हणजे आजाराची चालही थोडी वेगळी. तिकडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे कसे लावणार?

2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणीवर आहे. ती हवीच. पण ज्यांचा खुबा आधीच गेला, त्यांच्यासाठी तरुण सर्जनना देहदानातल्या शरीरांवर आणि अनुभवी हाताखाली सराव मिळण्याची सोय नागपुरातच व्हावी.

— एक वाचक, इंदोरा, नागपूर