आडाचं पाणी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नळाला गढूळ येतंय, म्हणून आडाचंच पितोय. काचेसारखं आहे, आणि गोड." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

इथे लंडनला सोहोत ब्रॉडविक स्ट्रीटवर एक हातपंप उभा आहे, दांडा नसलेला. जुन्या पंपाची आठवण म्हणून बसवलाय. 1854 च्या ऑगस्टअखेर या गल्ल्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, आली. पहिल्या तीन दिवसांतच सव्वाशेच्या वर माणसं गेली, शेवटी सहाशेवर. हवा बिघडली म्हणून रोग होतो, असंच तेव्हा बहुतेकांना वाटे. डॉक्टर जॉन स्नो मात्र मेलेल्यांच्या घरी जाऊन ते पाणी कुठलं प्यायचे ते विचारत राहिले. बहुतेकांचं उत्तर एकच, ब्रॉड स्ट्रीटचा (आताचा ब्रॉडविक स्ट्रीट) पंप. 8 सप्टेंबरला त्याचा दांडा काढला.

बाबा, मला राहून राहून आठवते ती हॅम्पस्टेडची विधवा. या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की लांब राहूनही ती गाडीवानाकडून रोज मोठी बाटली भरून मागवायची. तिच्या भागात पटकीचा मागमूस नव्हता. तरी ती गेली. पाहुणी आलेली तिच्या नात्यातली मुलगी तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली, तीही गेली. चवीत काहीच कळलं नाही हो त्यांना.

पुढे उकरून पाहिलं तर त्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर 40 नंबरच्या घराचा मैल्याचा खड्डा, विटा ढिल्या झालेला. आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी त्यातच ओतलेलं.

आपल्या आडापासून शेजारचा नवा शोषखड्डा किती लांब आहे? दिवाळीत मी मोजली, पंधरा पावलं भरली. आषाढात जमीन पाण्याने भरली की तिथलं कुठे झिरपत असेल?

आई, तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळू दे, मग झाकून ठेव, आणि ओगराळ्यानेच घे. बाबांना कोमट आवडत नाही, तर रात्रीच उकळून माठात भर, सकाळी गार मिळेल. आणि बाबा, ग्रामपंचायतीत सांगून आडात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घ्या.

रविवारी फोन करते. जुलाब-उलटीची जराशी जरी शंका आली तरी साखर-मिठाचं पाणी सुरू करा आणि लगेच दवाखाना गाठा, माझ्या फोनची वाट बघू नका.

तुमची,
मनू